साखरेला कुंपण, तेलाला उघडी वेस
सभासद शिक्षण : विकसनशील देशापुढील आर्थिक निवडी



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसपासून चावडीपर्यंत बोलण्याचे विषय ठरलेले असतात. तोड कधी येणार, काटा बरोबर आहे का, उतारा किती पडला आणि पहिली उचल किती मिळणार. बोलता बोलता गाडी शेवटी एका वाक्यावर येऊन थांबते : "अहो, सरकारचं धोरणच चुकतंय." हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की धोरण म्हणजे नेमके काय, ते कोण ठरवतो आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, याचा विचार करायचा राहून जातो. तो विचार करण्यासाठी हा अभ्यासलेख आहे. विषय अर्थशास्त्राचा असला तरी आपल्या बांधावरचाच आहे.

१. निवड का करावी लागते?

एका घरात एक विहीर आहे आणि जमीन सहा एकर. पाणी दोन एकरांपुरतेच. ऊस लावावा, मोसंबी जपावी, की पाणी राखून रब्बीची ज्वारी-हरभरा घ्यावा? मुलीचे लग्न यंदा करावे की आधी बोअर घ्यावे? घरात पैसा आणि पाणी मुबलक असते तर हा प्रश्नच आला नसता. टंचाई आहे म्हणून निवड आहे.

विकसनशील देशाचे असेच असते. भांडवल थोडे, परकीय चलन थोडे, पाणी मोजके आणि तोंडे पुष्कळ. अशा देशाला तीन प्रश्नांची उत्तरे पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. पहिला : एखादी वस्तू देशात पिकवायची-बनवायची, की बाहेरून स्वस्तात आणायची? दुसरा : तिचा भाव बाजाराने ठरवायचा की सरकारने? तिसरा : आज खाणाऱ्याला सांभाळायचे, की उद्याच्या उत्पादकाला?

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाने ही उत्तरे वेळोवेळी बदललेली आहेत. १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत महालनोबिस यांच्या आराखड्याप्रमाणे पोलाद, यंत्रे, वीज यांवर भर दिला गेला. त्याच वेळी मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद सांगत होते, की गरीब देशात कामकऱ्याला आधी धान्य आणि कापड पुरले पाहिजे. तेच खरे भांडवल. त्यांचे म्हणणे मागे पडले. पुढे १९६५-६६ आणि १९६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्याच वर्षी जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. त्या धड्यातून हमीभाव, नवे बियाणे, खत आणि धान्याची सरकारी खरेदी यांना वेग आला. १९९१ मध्ये परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले, सोने गहाण टाकावे लागले आणि दारे उघडण्याचे धोरण आले.

यात एक धोरण चांगले आणि दुसरे वाईट असा सरळ निवाडा करता येत नाही. पण एका देशाने, एकाच काळात, दोन पिकांबाबत दोन वेगळ्या निवडी केल्या असतील, तर त्यांची तुलना करून पुष्कळ शिकता येते. अशी दोन पिके आपल्याच जिल्ह्यात आहेत : ऊस आणि तेलबिया.

२. साखरेची गोष्ट : नव्वद वर्षांचे कुंपण

१९३० च्या आधी आपल्याकडे पांढरी साखर मुख्यतः जावा बेटातून यायची. तिथे डचांचे मोठमोठे मळे होते आणि त्यांची साखर इथल्या साखरेपेक्षा स्वस्त पडायची. मग देशी कारखाना उभा राहणार कसा? टॅरिफ बोर्डाने चौकशी करून पंधरा वर्षे संरक्षण द्यावे अशी शिफारस केली आणि १९३२ साली साखर उद्योग संरक्षण कायदा झाला. बाहेरच्या साखरेवर जबर आयातकर बसला. तोपर्यंत देशात जेमतेम तीसेक कारखाने होते. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली आणि जावाची साखर जवळजवळ बंद झाली.

पण कुंपण घातले म्हणजे आतले पीक आपोआप शेतकऱ्याच्या घरात येते असे नाही. सुरुवातीचे कारखाने खाजगी भांडवलदारांचे होते. शेतकरी ऊस घालायचा आणि नफा दुसरीकडे जायचा. हे बदलले ते प्रवरानगरला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले, वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला, सरकारनेही भाग घेतले आणि १९५० च्या अखेरीस शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यात गाळप सुरू झाले. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. हेच गाडगीळ पुढे १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ऊसवाल्यांच्या बैठकीत बसलेला माणूस देशाच्या नियोजनाच्या खुर्चीवर बसला. ऊस उत्पादकाचा आवाज दिल्लीपर्यंत पोचण्याची वाट कशी तयार झाली, हे यावरून कळते.

त्यानंतर कुंपणाचे प्रकार बदलत गेले, पण कुंपण राहिले. उसाला कायद्याने किमान दर मिळाला. सहकारी कारखान्यांना परवान्यात झुकते माप मिळाले. त्या बदल्यात सरकारने १९६७ पासून कारखान्याची ६० टक्के साखर लेव्ही म्हणून कमी दराने घ्यायला आणि रेशनवर द्यायला सुरुवात केली. उरलेली खुल्या बाजारात. म्हणजे कुंपणाचे भाडेही वसूल केले जात होते.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये नियंत्रण पूर्ण उठवून पाहिले. साखर उदंड होती, भाव कोसळले, उसाला दर मिळेना, लोकांनी लागवड कमी केली. वर पावसाने दगा दिला. १९७७-७८ मध्ये सुमारे ६५ लाख टन असलेले उत्पादन १९७९-८० मध्ये ३९ लाख टनांच्या आत आले. मग भाव भडकले आणि १९७९ च्या डिसेंबरात नियंत्रण परत आले. ऊस एकदा लावला की खोडव्यासह दोन-तीन वर्षे शेतात राहतो. त्यामुळे भावाचा इशारा आज मिळाला तरी पीक त्याला दोन वर्षांनी उत्तर देते. असे पीक निव्वळ बाजाराच्या लाटेवर सोडले तर एकदा शेतकरी बुडतो आणि एकदा खाणारा. संरक्षणाच्या बाजूने हा खरा मुद्दा आहे, तो विसरू नये.

लेव्ही २०१३ मध्ये रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर उठली. किमान दराच्या जागी २००९-१० च्या हंगामापासून रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला. २०१८ च्या फेब्रुवारीत आयात साखरेवरचा कर १०० टक्के झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरला. २०१९ मध्ये तो ३१ झाला.

३. तेलाची गोष्ट : आठ वर्षांचे कुंपण

आता दुसरे पीक बघू. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा, रब्बीच्या ज्वारीत करडईचे काटेरी पट्टे असायचे की नाही? कडेला जवस, खरिपात तीळ, कारळ. घरचे तेल घाणीवर काढून आणायचे. करडई म्हणजे मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीचा कणाच होता. खोल मुळाचे पीक, ओलीवर येते, पाटपाण्याची वाट बघत नाही.

१९८० नंतर देशात खाद्यतेलाची आयात फुगली. तेव्हा १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान मिशन सुरू झाले. बियाणे, भाव, प्रक्रिया, साठवण यांचा एकत्र विचार झाला. आयातीवर सरकारचा ताबा होता, म्हणून बाजारात देशी तेलाला जागा होती. परिणाम काय झाला? आठेक वर्षांत तेलबियांचे उत्पादन दुपटीच्या आसपास गेले आणि १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तेलाची आयात नावापुरती उरली. कोरडवाहू शेतकऱ्याने करून दाखवले होते.

आणि तेव्हाच वेस उघडली. १९९४ मध्ये पामतेल ६५ टक्के कर भरून कुणालाही आणता येऊ लागले. पुढच्या चार वर्षांत हा कर पायरी-पायरीने उतरत १५ टक्क्यांच्या आसपास आला. इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल इतके स्वस्त की करडई-शेंगदाण्याचा त्यापुढे टिकाव लागेना. आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते. वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास. करडईचे क्षेत्र आटत गेले. सोयाबीन वाढले ते तेलापेक्षा पेंडीच्या जोरावर. आणि त्याचाही भाव आयातीच्या दोरीला बांधलेला. २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या तेलांवरचा कर सर्व आकार धरून ५.५ वरून २७.५ टक्के केला. तरी त्या हंगामात मोंढ्यावर सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. २०२५ च्या मेअखेर तो कर पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणला.

साखरेवर १०० टक्के आणि कच्च्या तेलावर १६.५. शेतकरी तोच, जिल्हा तोच, कधी कधी घरही तेच. वरच्या कोरड्या रानात सोयाबीन आणि खालच्या काळ्यात ऊस.

४. असे का झाले?

याची कारणे शांतपणे पाहिली पाहिजेत.

पहिले कारण खाणाऱ्याचे. तेल ही गरिबाच्या रोजच्या फोडणीची वस्तू आहे. देशातले तेल महाग होते आणि पुरेसे नव्हते. स्वस्त पामतेलाने शहरातल्या कामगाराला आणि आपल्याच गावातल्या भूमिहीन मजुराला दिलासा दिला, हे नाकारता येणार नाही.

दुसरे कारण उत्पादकतेचे. एक हेक्टर पामच्या बागेतून जेवढे तेल निघते, त्याच्या कितीतरी पटीने कमी तेल एक हेक्टर करडईतून निघते. ही तफावत केवळ कर लावून कायमची भरून निघत नाही.

तिसरे कारण मात्र आपल्याला अंतर्मुख करणारे आहे. ऊसवाल्याचा कारखाना होता, संघ होता, आमदार-खासदार होते. करडईवाल्याचे काय होते? दोन पोती घेऊन तो मोंढ्यावर एकटा जायचा आणि पट्टी घेऊन एकटा परत यायचा. ज्याची संघटना असते त्याच्या पिकाला कुंपण मिळते. आपण सहकाराची फळे खाल्ली, त्यात वाईट काही नाही. पण शेजारच्या कोरडवाहू भावाला ती मिळाली नाहीत, एवढी जाण असावी.

५. बिल कोण भरतो? थोडा हिशेब

प्रत्येक धोरणाचे बिल कुणीतरी भरतोच. आपल्या धोरणाचे बिल वाचायला शिकू.

२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. यातूनच तोडणी-वाहतूक वजा होते. १०.२५ उताऱ्याने एका टनातून साखर निघते १०२.५ किलो. ही साखर ३१ रुपयांनी विकली तर येतात ३,१७७ रुपये ५० पैसे. उसाचीच रक्कम फिटत नाही. पगार, कर्जाचे व्याज, दुरुस्ती तर दूरच. साखरेला ३८ रुपये मिळाले तर येतात ३,८९५. उसाचे पैसे देऊन उरतात ३४५ रुपये, त्यात मळी, बगॅस आणि विजेचे उत्पन्न मिळवायचे आणि कारखाना चालवायचा. दर आणि भाव यांचे नाते तुटले की काय होते, ते यावरून समजेल. २०१९ मध्ये किमान विक्री दर ३१ ठरला, तेव्हा एफआरपी १० टक्के उताऱ्याला क्विंटलला २७५ रुपये होता. दर पुढे गेला. ३१ चा आकडा धरला तर खालची फळीच निखळलेली दिसते.

आता दुसरी बाजू. एक टन ऊस म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो साखर. म्हणून टनामागे शंभर रुपये वाढवायचे असतील आणि ते सगळे साखरेतूनच काढायचे असतील, तर किलोमागे जवळजवळ एक रुपया वाढतो. देशात माणशी वर्षाला साधारण २० किलो साखर लागते. त्यात मिठाई, बिस्किटे, शीतपेये सगळे आले. पाच माणसांच्या घराला वर्षाकाठी शंभर रुपयांचा बोजा. हा आकडा फार नाही असे आपण म्हणू. पण आपला ऊस तोडणारी टोळीसुद्धा ती साखर विकत घेते, हे त्यात धरले पाहिजे.

तिसरी बाजू पाण्याची. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी जाते, असा कृषिमूल्य आयोगाच्या अहवालातला अंदाज आहे. हे बिल कुठल्याच पावतीवर छापलेले नसते, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

६. दोन बेटे, दोन वाटा

संरक्षणाचे पुढे काय होते, हे पाहायला साखरेवरच जगणारी दोन बेटे घेऊ : क्यूबा आणि मॉरिशस.

क्यूबाची साखर आधी अमेरिका घ्यायची. १९६० मध्ये अमेरिकेने खरेदी तोडली आणि सोव्हिएत रशिया चढ्या भावाने घेऊ लागला. हक्काचे गिऱ्हाईक आणि ठरलेला भाव! मग देशाने सारे लक्ष उसावर लावले. १९७० मध्ये एक कोटी टन साखरेचे उद्दिष्ट ठेवून शाळा-कचेऱ्यांतली माणसेही तोडीला नेली. साखर झाली ८५ लाख टनांच्या आसपास. १९९१ मध्ये सोव्हिएत रशियाच राहिला नाही. गिऱ्हाईक गेले, तेल-खत गेले. २००२ मध्ये जवळजवळ निम्मे कारखाने बंद करावे लागले आणि २०२२ मध्ये उत्पादन ५ लाख टनांच्याही खाली उतरले.

मॉरिशसशी आपले रक्ताचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशचतुर्थी साजरी करतात आणि त्या दिवशी देशाला सुटी असते. १९६८ मध्ये हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची निर्यात म्हणजे जवळजवळ साखरच. १९७५ च्या करारानुसार युरोप त्यांची ठरावीक साखर चढ्या भावाने घेऊ लागला. पण त्यांनी हा भाव कायमचा धरला नाही. १९७० मध्येच निर्यातीसाठी खास क्षेत्र काढून कापड-शिलाईचे कारखाने आणले, नंतर पर्यटन वाढवले. साखरेच्या पैशातून दुसरे पाय उभे केले. २००६ नंतर युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला. फटका बसला, पुष्कळ कारखाने बंद करून थोड्यांत गाळप एकवटावे लागले, बगॅसवर वीज आणि खास प्रतीची साखर करावी लागली. पण देश बसला नाही.

दक्षिण कोरियानेही १९६० नंतर आपल्या उद्योगांना भरपूर संरक्षण आणि स्वस्त कर्ज दिले. फरक इतकाच, की त्याबरोबर निर्यातीचे उद्दिष्ट बांधून दिले. उद्दिष्ट गाठा, तर पुढची मदत.

या सगळ्यातून निष्कर्ष एकच निघतो. संरक्षण म्हणजे सोसायटीचे मध्यम मुदतीचे कर्ज समजावे. कर्ज काढून विहीर पाडली, पाइपलाइन केली, तर घर वर येते. तेच कर्ज लग्नात उडवले आणि दरवर्षी नवे-जुने करत राहिले, तर एक दिवस सात-बाऱ्यावरचा बोजा तेवढा उरतो. मॉरिशसने कर्ज वापरले, क्यूबाने नवे-जुने केले. आणि आपल्या तेलबियांचे म्हणाल, तर पीक पोटरीत असतानाच कर्ज परत मागितले गेले. तीस वर्षे सलग साथ मिळाली असती, संशोधन आणि प्रक्रिया वाढली असती, तर चित्र थोडे तरी वेगळे दिसले असते.

७. इथेनॉल : समोर असलेली निवड

आज साखरेपुढे नवी वाट आहे ती इथेनॉलची. ब्राझीलने ती १९७५ मध्ये धरली. तेलाच्या भाववाढीने बेजार झालेल्या त्या देशाने उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवल्या. १९८५ च्या सुमारास तिथल्या बहुतेक नव्या गाड्या निव्वळ अल्कोहोलवर चालत होत्या. पण पुढे पेट्रोल स्वस्त झाले, साखरेचा भाव चढला, कारखान्यांनी साखर केली आणि १९८९ मध्ये पंपावर अल्कोहोल मिळेना. लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ उजाडले; तेव्हा दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी आली.

आपल्याकडे २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करायला वाट दिली. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढले गेले. कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या उभारल्या. आणि २०२३ चा पाऊस कमी झाला तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली. आठवडाभरात ती काहीशी सैल झाली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठली. दरम्यान इथेनॉलसाठी मका हा सर्वांत मोठा कच्चा माल बनला. भोकरदन-जाफराबादकडच्या मकावाल्याला त्याने चार पैसे जास्त मिळाले, तर कोंबडीवाल्याचे खाद्य महागले.

साखरेच्या निर्यातीचेही असेच. २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. २०२३-२४ मध्ये दार बंद. अनुदानाविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०२१ च्या डिसेंबरात निकाल आपल्या देशाविरुद्ध गेला. भारताने त्यावर अपील केले आहे. म्हणजे कुंपणाच्या आतही वारे बाहेरचेच वाहतात. सरकार खाणाऱ्याकडे पाहून दार लावते, हेही समजण्यासारखे आहे. पण दार लावायचे-उघडायचे नियम आधी सांगितलेले असावेत, ही मागणी न्याय्य आहे. दहा वर्षांच्या कर्जावर उभा राहिलेला प्रकल्प आठ दिवसांच्या आदेशावर चालू शकत नाही.

८. आपल्या जिल्ह्यापुरते

जालना जिल्ह्यातला ऊस मुख्यतः गोदाकाठी आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे. पैठणच्या धरणाचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले आणि अंबड, घनसावंगी, परतूरकडे पाटपाणी आले. हे पाणी सरकारी भांडवलातून आले. त्यात कर भरणाऱ्या साऱ्या जनतेचा पैसा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, लोकांनी त्या डोळ्यांत पाणी आणून तोडल्या. त्या वर्षी पाण्याची किंमत आपल्याला कळली.

मग ऊस सोडायचा का? तसे कुणी म्हणत नाही. जोवर उसाला खात्रीचा दर आहे आणि तूर-करडईला नाही, तोवर शहाणा शेतकरी उसाकडेच जाणार. दोष त्याचा नाही. भावाच्या तराजूचा आहे. पण आपल्या हातात काही गोष्टी आहेत. दोन एकर पाटाने भिजवण्याऐवजी तेच पाणी ठिबकवर जास्त पुरवावे, उरलेल्या पाण्यात एखादे एकर कडधान्य-तेलबियांचे ठेवावे. कारखान्याने मळी-बगॅसचे पूर्ण मोल काढावे, म्हणजे दराचा सगळा भार साखरेच्या भावावर पडणार नाही. आणि दराचा ठराव करताना त्याच सभेत तेलबियांवरील आयातकर निदान काही वर्षे स्थिर ठेवण्याचाही ठराव करावा. आपली संघटना आहे. तिचा आवाज कोरडवाहू भावासाठी वापरला तर सहकार या शब्दाला अर्थ येतो.

कुंपण शेत राखण्यासाठी असते. कुंपणानेच शेत खाल्ले अशी आपल्याकडे म्हण आहे. साखरेला मिळालेले संरक्षण उद्या निम्मे झाले तरी आपला कारखाना आणि आपले घर उभे राहील का, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने स्वतःला विचारावा. उत्तर "नाही" येत असेल, तर मुदत शिल्लक आहे तोवर कामाला लागावे.

चर्चेसाठी प्रश्न (गट बैठकीत वाचून चर्चा करावी)

१) उसाला टनामागे २०० रुपये वाढवून मिळाले, तर ते कुणाकुणाच्या खिशातून येतील? यादी करा.

२) तुमच्या गावात तीस-चाळीस वर्षांपूर्वी करडई, जवस, तीळ किती घरी होते? आज किती? वडीलधाऱ्यांना विचारून आकडा काढा.

३) खाद्यतेलावरचा आयातकर वाढला तर गावातल्या कोणत्या घरांचा फायदा आणि कोणत्यांचा तोटा? भूमिहीन मजुराचे नुकसान कसे भरून काढता येईल?

४) साखर, इथेनॉल, वीज यांपैकी एकाचा भाव पडला तर आपल्या कारखान्याच्या हिशेबात काय फरक पडेल? वार्षिक अहवालातील आकडे घेऊन मांडा.

५) एका एकर उसाच्या पाण्यात तुमच्या रानात दुसरे कोणते पीक किती एकर निघेल? त्या पिकाला किती भाव मिळाला तर तुम्ही बदल कराल? हा आकडा लिहून काढा. धोरणाबद्दल सरकारशी बोलताना आपल्या हातात असा आकडा असला म्हणजे बोलण्याला वजन येते.